चाकूवर नाव कुठे कोरावे

भेट म्हणून दिलेल्या खिशातल्या चाकूवर देणाऱ्याचे नाव कुठे कोरले असता ते टिकते, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. प्रश्न लहान आहे हे मला मान्य आहे. परंतु एका माणसाची खिडकीजवळची जागा काही आठवडे या प्रश्नावर अवलंबून होती, आणि त्याचे पहिले उत्तर मी चुकीचे दिले होते. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगते.

पुण्याला मी सात वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना भूमिती शिकवीत होते. यजमानांना नोएडातल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दिल्लीकडे आलो. परदेशी कंपन्यांना देशाची दारे नुकतीच उघडली होती. नोएडात आमच्या सेक्टरला क्रमांक मिळाला होता, पण रस्त्याला दिवे मिळायचे होते. शाळांचे वर्ष अर्धे उलटून गेले होते, त्यामुळे शिक्षिकेची जागा कुठेच रिकामी नव्हती. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात भेटलेल्या एका बाईंनी करोल बागेतल्या एका पेढीचा पत्ता दिला. ‘तिथे नजर बारीक असलेलं माणूस हवंय,’ एवढेच त्या म्हणाल्या.

पेढी म्हणजे मोटारींच्या सीटची कव्हरे विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. कंपन्या आपल्या ग्राहकांना आणि विक्रेत्यांना ज्या भेटवस्तू देतात, त्यांवर कंपनीचे नाव घालून देणे हा तिथला धंदा. डायऱ्या, किल्ल्यांच्या साखळ्या, पेनांच्या जोड्या असत. पण पेढीची ओळख होती ती घडीच्या चाकूंसाठी आणि पक्कडीसारख्या उघडणाऱ्या, पोटात आठ-दहा हत्यारे बाळगणाऱ्या वस्तूंसाठी. गुडगावला, ज्याला आज गुरुग्राम म्हणतात, तेव्हा शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. त्या इमारतींत बसणाऱ्या प्रत्येक कंपनीला दूरदूरच्या माणसांच्या खिशात आपले नाव पोहोचवायचे होते. डायरी वर्षभरात संपते. चाकू संपत नाही.

माझे काम प्रूफ तपासण्याचे. चाकूचे चित्र खऱ्या मापात कागदावर काढलेले असे आणि त्यावर नाव जसे यायचे तसे लिहिलेले असे. अक्षरे, त्यांतले अंतर आणि नावाची जागा मी पट्टी लावून तपासायची आणि खाली सही करायची. मग तो कागद कोरणाऱ्याकडे जाई. सही झाल्यावर कोणीही, कोरणारासुद्धा, त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा पेढीचा कायदा होता. पूर्वी एकमेकांवर दोष ढकलण्याची भांडणे फार झाली होती, म्हणून मालकांनी तो केला होता. मालकांना आम्ही सगळे भाईसाहब म्हणत असू. ते म्हणत, ‘दस्तखत हो गए, बहस खतम.’ मला हा नियम फार आवडला होता. वर्गातही मी उत्तरपत्रिका एकदा दिल्यावर परत घेत नसे.

आता त्या वस्तूविषयी थोडे. घडीचा चाकू मी तोवर फक्त पेरू कापण्यासाठी वापरला होता, पाहिला कधीच नव्हता. तो उघडून पाहावा. पात्याच्या वरच्या कडेला नखाएवढी एक खाच असते. तिच्यात नख अडकवून पाते ओढले की ते आधी अडते, मग अर्ध्यावर जरा थबकते आणि शेवटी टक् असा आवाज करून सरळ उभे राहते. हे सगळे मुठीच्या पाठीतली पोलादाची एकच पट्टी करते. तीच पट्टी पाते मिटलेले ठेवते आणि तीच उघडलेलेही ठेवते. एका पट्टीकडून दोन विरुद्ध कामे करून घेणाऱ्या त्या अनोळखी कारागिराला मी मनोमन पैकीच्या पैकी गुण दिले. ज्या खिळ्यावर पाते फिरते तिथे मुठीला दोन्ही बाजूंनी धातूचे जाड गाल असतात, म्हणजे जोर येतो तिथे मूठ फाकत नाही. त्या वस्तूत उगाच म्हणून काहीच नव्हते.

या चाकूंवर नाव कोरणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. मुरादाबादला पितळेवर नक्षी करण्यात त्यांचे लहानपण गेले होते, आणि पेढीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ते मला मास्टरनीजी म्हणत. त्यात निम्मा आदर आणि निम्मी थट्टा असे. त्यांचे मेज उत्तरेच्या खिडकीशी होते. पेढीला खिडकी तेवढी एकच. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, त्याची सावली हलत नाही, म्हणून धातूवरची बारीक रेघ त्याच उजेडात खरी दिसते, हे मला त्यांनी पहिल्या आठवड्यात समजावले.

त्यांच्या मेजावर एक हातयंत्र होते. चार पट्ट्या टोकांशी सैल जोडून केलेला समांतरभुज चौकोन. एक टोक पितळेच्या मोठ्या अक्षरांच्या खाचेतून फिरवायचे. दुसऱ्या टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली, ती तेच अक्षर लहान करून पोलादावर ओढी. जोड एका भोकातून दुसऱ्या भोकात हलवला की अक्षर निम्मे होई, आणखी हलवला की चौथाई. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ उभीच राहिले. समरूप आकृत्यांचे प्रमेय मी सात वर्षे फळ्यावर सिद्ध करीत आले होते; ते इथे एक माणूस शाळेचे तोंड न पाहता मनगटाने सिद्ध करीत होता, आणि तेही दिवसातून शंभर वेळा.

‘क्या देख रही हैं?’ त्यांनी विचारले.

‘हे मी शिकवत होते,’ मी म्हणाले.

‘अच्छा? तो आइए, बैठिए. देखें, आता भी है या सिर्फ पढ़ाती थीं.’

मी बसले आणि माझे पहिले अक्षर पात्यावरून घसरून त्यांच्या मेजाच्या लाकडात गेले. ते हसले नाहीत. त्यांनी माझे कोपर धरून मेजावर टेकवले आणि म्हणाले, ‘हाथ से नहीं. यहाँ से.’ यंत्राने ओढलेली रेघ उथळ असते. तिच्यावरून ते पुन्हा हाताने कलम चालवीत. कलम म्हणजे टोकदार, लाकडी मुठीची बारीक छिन्नी. त्याने अक्षराला खोली येई. बोट फिरवले तर कळे, अशी.

आमचे बोलणे हिंदीत चाले. यापुढे मी ते बहुतेक मराठीत देते आहे. जिथे ते हिंदीतच बरे वाटते तिथे तसेच ठेवते.

त्या पावसाळ्यात भाईसाहबांच्या डोक्यात छपाईचे यंत्र आले. मऊ रबराच्या गोळ्याने शाई उचलायची आणि वस्तूवर टेकवायची. एका ठोक्यात नाव तयार. उस्तादांचे एक नाव होईपर्यंत त्या यंत्राची वीस होणार होती. मात्र शाईचा वास जबर. यंत्र बंद खोलीत चालवता येत नाही, त्याला खिडकी लागते. आणि खिडकी, मी वर सांगितले, एकच होती.

भाईसाहब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून उघड सांगितले. गुडगावच्या एका कंपनीची मोठी ऑर्डर यायची होती. ही कंपनी ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवी आणि दिवाळीला गावोगावच्या मिस्त्रींना चाकू वाटणार होती, कारण गावात ट्रॅक्टरला कोणता भाग घालायचा हे मिस्त्रीच ठरवतो. तिथल्या मॅनेजरना छापलेले आणि कोरलेले, दोन्ही नमुने हवे होते. ‘त्यांनी छपाई पसंत केली तर यंत्र येणार आणि या खिडकीत बसणार. कोरीव पसंत केलं तर उस्ताद इथेच. मी आणखी काय सांगू?’

‘आणि यंत्र आलं तर उस्तादांनी कुठे बसायचं?’ मी विचारले.

‘घरी काम देऊ ना.’

उस्ताद शांतपणे म्हणाले, ‘भाईसाहब, माझ्या घरच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्याची भिंत लागते. तिथे दुपारी बाराला मी सुईत दोरा ओवू शकत नाही.’

मग मी एक सूचना केली, आणि ती मला त्या वेळी अत्यंत शास्त्रशुद्ध वाटली. नमुने नुसते दाखवू नयेत, वापरायला द्यावेत. कंपनीच्या गुडगावच्या कार्यशाळेत सहा मिस्त्री होते. तिघांना छापलेले चाकू द्यावेत, तिघांना कोरलेले. पाच आठवड्यांनी परत घेऊन पाहावे.

‘मॅडम, ये दिल्ली है,’ भाईसाहब हसले. ‘इथे ऑर्डर परीक्षा घेऊन मिळत नाही.’

‘घेऊ द्या त्यांना,’ उस्ताद म्हणाले. ‘या वयात माझाही पेपर होऊन जाऊ दे.’

मॅनेजर तरुण इंजिनिअर होते; त्यांना कल्पना आवडली. नमुन्यांचे प्रूफ मी स्वतःच केले. यंत्र विकणाऱ्याकडून छापून घ्यायच्या चाकूंवर नाव मुठीवर घेतले, कारण शाई तिथे उठून दिसत होती. कोरायच्या चाकूंवर ते पात्याच्या रुंद भागावर घेतले, बरोबर मध्यभागी, दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर. कागदावर ते फार देखणे दिसत होते. सही करण्याआधी मी तो कागद उस्तादांना दाखवला.

त्यांनी तो उजेडात धरला. ‘इथे नको,’ ते म्हणाले. ‘खाली घ्या. जिथे पातं मुठीत शिरतं, तिथे.’

‘तिथे जागा बोटभरसुद्धा नाही. नाव वाचायला हवं ना, उस्ताद?’

‘हां, वाचायला तर हवं,’ ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे परत दिला. मी सही केली. त्यानंतर ते त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना पटले.

गुडगावच्या कार्यशाळेत मी चाकू वाटायला गेले. पहिल्या मिस्त्रीच्या हातात चाकू देऊ लागले, तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. ‘खाली ठेवा, बहनजी. चाकू हातातून हातात घेतला की भांडण होतं.’ आमच्या आईचेही विळीबाबत हेच म्हणणे होते. मी सहाही चाकू एका ओळीत ओट्यावर ठेवले आणि त्यांनी ते एकेक करून उचलले. कोणाला कोणता गेला ते मी वहीत लिहून घेतले.

सातवा, बिननावाचा चाकू मी घरी आणला आणि यजमानांना किल्ल्या आणि सुट्या नाण्यांबरोबर खिशात ठेवायला दिला, मुठीवर किती चरे पडतात ते पाहायला. ते रोज चार्टर्ड बसने कारखान्यात जात. ‘पोलिसांनी धरलं तर काय सांगू?’ त्यांनी विचारले. ‘सांगा, बायकोचा प्रयोग आहे.’ ‘मग तर आतच टाकतील,’ ते म्हणाले; पण पाच आठवडे त्यांनी तो इमानाने बाळगला, आणि मूठ चऱ्यांनी भरून गेली.

पाच आठवड्यांनी चाकू परत आले. आधी ते मॅनेजरांनी पाहिले आणि निकाल फोनवर भाईसाहबांना कळवला. मग चाकू आमच्याकडे आले. छापलेल्या तीन चाकूंपैकी दोहोंवरचे नाव पार गेले होते, एकावरचे जसेच्या तसे होते. कोरलेल्या तिन्हींवरचे नाव मात्र खराब झाले होते. एकावर फक्त वरच्या अर्ध्या रेघा उरल्या होत्या, दुसऱ्यावर सगळ्या पात्यावर आडवे ओरखडे होते, तिसऱ्यावर अक्षरांत काळा मळ बसून ती ओळखू येत नव्हती. म्हणजे छपाई एक, कोरीव शून्य.

‘मॅडम, आपके इम्तिहान में छपाई पास,’ भाईसाहब म्हणाले. ‘परवा गुडगावला जाऊन ऑर्डर पक्की करू.’ यंत्र विकणाऱ्याला फोन करायला ते आतल्या खोलीत गेले.

मी चाकू उस्तादांच्या मेजावर ठेवले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि पहिला चाकू उचलला. पुढची काही मिनिटे मी जे ऐकले त्यासारखे वाचन मी कोणत्याही वर्गात ऐकलेले नाही.

‘हा डावखुरा आहे,’ ते म्हणाले. ‘बघा, अंगठा या बाजूला घासला आहे. याने रबराचे पाइप कापले, तो काळा मळ रबराचा आहे.’ दुसरा उचलला. ‘याच्याकडे धार लावायचा दगड नाही. हा सिमेंटच्या पायरीवर घासतो. पातं आडवं टेकवतो, म्हणून सगळं नाव घासून गेलं.’ तिसरा. ‘याच्याकडे दगड आहे, चांगला आहे. याचा हात पण चांगला आहे. हा धार नीट लावतो, म्हणून नावाचा खालचा भागच गेला.’ मग त्यांनी छापलेल्यांपैकी तो एक, नाव शाबूत असलेला, उचलला. नखाच्या खाचेत पाहिले, पाते हळू उघडले, खिळ्याजवळ बोट लावून बोटाचा वास घेतला.

‘हा उघडलाच नाही,’ ते म्हणाले.

‘म्हणजे?’

‘कारखान्यातलं तेल अजून आत आहे. खाचेला नखाचा स्पर्श नाही. हा चाकू पाच आठवडे झोपला होता, मास्टरनीजी.’

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी काय केले होते. जिथे दोन गोष्टींची तुलना करायची तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी मुलांना सांगत आले होते. शेजारच्या वर्गात विज्ञानाच्या बाई तेच सांगत. मी पद्धतही बदलली होती आणि जागाही. छाप मुठीवर, कोरीव पात्यावर. मी छपाईची कोरीवकामाशी तुलना केलीच नव्हती. शिवाय कागदावरचा चाकू कधी मिटत नाही, त्याला कोणी धार लावत नाही. मी कागदाचा मध्य काढला होता.

‘तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, खाली घ्या,’ मी म्हणाले. ‘मग आग्रह का नाही धरला?’

‘एकदा म्हणालो होतो. मग तुमची सही झाली.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागले.

मी आतल्या खोलीत गेले आणि भाईसाहबांना सगळे सांगितले. ते ऐकत होते, पण फोन त्यांच्या हातातच होता. ‘आता कशाला?’ ते म्हणाले. ‘छापील तर छापील, ऑर्डर आपल्यालाच आहे. तुम्ही तिथे जाऊन आपली चूक सांगणार? साहेब उद्या म्हणतील, यांच्याकडे चुकीची प्रूफं पास होतात.’

‘होतात, भाईसाहब. एक झालं आहे, आणि त्यावर सही माझी आहे. उस्तादांची नाही.’

मग त्यांनी फोन ठेवला. ‘चलिए. लेकिन बोलेंगी आप. मी गाडी चालवीन.’

मी उस्तादांना म्हणाले की जिथे तुम्ही म्हणाला होतात तिथे दोन नव्या चाकूंवर नाव कोरा. त्यांनी कलम उचलली नाही. ‘कागज लाइए,’ ते म्हणाले.

कायदा तो कायदा. मी नवे प्रूफ केले, पण या वेळी कागदापासून सुरुवात केली नाही. चाकू उघडून, मिटून, अंगठ्यात धरून, कोरड्या दगडावर टेकवून पाहिला. पाते मुठीत शिरते तिथे बोटाच्या पेराहूनही लहान असा एक सपाट तुकडा असतो. त्याला धार नसते. पाते दगडावर आडवे टेकवले तरी मुठीचे जाड गाल आधी दगडाच्या कडेला अडतात, त्यामुळे दगड तिथवर पोहोचत नाही. अंगठा तिथे टेकत नाही. आणि उस्तादांनी आणखी एक कारण सांगितले, जे कोणत्याही पट्टीने मोजता आले नसते : पाते धारेकडे कडक केलेले असते, या टोकाला पोलाद त्यामानाने मऊ राहते, म्हणून कलम तिथे खोल जाते. मी मापे लिहिली आणि सही केली. त्यांनी यंत्राचा जोड सगळ्यात आतल्या भोकात हलवला. नाव लहान झाले, पण अक्षरे इतकी स्वच्छ आली की भिंग न लावता वाचता येत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे भाईसाहबांच्या मारुती व्हॅनमधून गुडगावला गेलो. उस्ताद तिकडे पहिल्यांदाच येत होते. शेतातून अचानक उगवलेली ती काचेची इमारत त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिली. ‘इतना काँच,’ ते पुटपुटले, ‘और एक भी अक्षर नहीं.’ वर मॅनेजरांच्या खोलीत खुर्च्यांवरचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नव्हते.

मी चाकू मेजावर ठेवले आणि सांगितले की प्रयोग चुकला आहे आणि तो मी चुकवला आहे. कसा, ते चार वाक्यांत सांगितले. मॅनेजरांनी भुवया उंचावल्या. ‘पण एका चाकूवरचं छापील नाव टिकलंय, ते?’

‘तो वापरलाच नव्हता, असं उस्ताद म्हणतात. आणि हा मळ बसलेला कोरीव चाकू ज्याच्याकडे होता तो डावखुरा आहे. तुम्ही विचारून पाहा.’

मॅनेजरांनी सहाही मिस्त्रींना वर बोलावले. ‘लेफ्टी कौन है भई?’ एकाने हात वर केला, आणि तो डावाच होता. बाकीचे मोठ्याने हसले. मग त्यांनी तो कोरा करकरीत चाकू दाखवून विचारले, हा कोणाचा? एक वयस्क मिस्त्री पुढे आला. ‘साहब, इतनी अच्छी चीज,’ तो संकोचून म्हणाला, ‘मैं तेल-ग्रीस में खराब कर देता? पेटी में रखा था.’

मी वही उघडून दाखवली. दोन्ही चाकू त्याच दोघांच्या नावावर होते.

‘पायरीवर घासणारा कोण?’ मॅनेजरांना आता मजा वाटू लागली होती. कोणी कबूल होईना. तेव्हा उस्ताद त्या सगळ्यांकडे पाहून म्हणाले, ‘कोई बात नहीं, बेटा. सीढ़ी भी पत्थर ही है.’ त्याबरोबर एकाने मान खाली घातली, आणि पुन्हा हशा झाला.

मग मॅनेजरांनी खालून धार लावायचा दगड मागवला. नवा चाकू त्यांनी आडवा टेकवून स्वतः घासला, पायरीवर घासावा तसा, शर्टाच्या बाह्या वर करून. पात्याच्या मध्यावर चरेच चरे उठले. खिळ्याजवळचे नाव होते तसेच राहिले. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा घासले, पुन्हा पाहिले.

‘पण फार लहान आहे,’ ते शेवटी म्हणाले. ‘आमच्या डायरेक्टर साहेबांना मोठं नाव हवं असतं.’

भाईसाहबांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर उस्तादांनी दिले.

‘डायरेक्टर साहबांसाठी डब्यावर मोठं छापा,’ ते म्हणाले. ‘चाकू तो मिस्त्री का है.’

मॅनेजर हसले आणि त्यांनी ते तसेच लिहून घेतले. चाकू कोरीव, नाव खिळ्याजवळ. डबा छापील, नाव मोठे.

छपाईचे यंत्र त्याच महिन्यात आले, कारण डबे छापायचे होते. भाईसाहबांनी आतल्या खोलीची मागची भिंत फोडून पंखा बसवला आणि शाईचा वास मागच्या गल्लीत सोडला. गल्लीतल्या लोकांनी आठवडाभर शिव्या दिल्या. खिडकी उस्तादांकडे राहिली. त्या दिवाळीपूर्वी त्यांनी खिडकीत बसून शेकडो चाकू कोरले. मी रोज संध्याकाळी त्यांतले दहा उचलून तपासत असे, आणि दहाच्या दहा सारखे निघत. पुढे काही वर्षांनी डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा ते आपण होऊन मुरादाबादला परत गेले. जाईपर्यंत ती जागा त्यांचीच होती.

पेढीचा कायदा भाईसाहबांनी थोडा बदलला. प्रूफवर माझ्या सहीच्या आधी उस्तादांची सही घ्यायची, असे ठरले. उस्तादांना देवनागरी लिहिता येत नसे. ते उर्दूत सही करीत, अतिशय सुबक. ती मी एकदाही तपासली नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. घडीच्या चाकूवर नाव पात्याच्या मुळाशी, खिळ्याजवळच्या बिनधारेच्या सपाट भागावर कोरावे; तिथे दगड, अंगठा आणि मळ, तिन्ही कमी पोहोचतात. पक्कडीसारख्या हत्यारावर ते दांडीच्या आतल्या अंगाला कोरावे. बाहेरचे अंग तळहातात घासते. हे उत्तर मी उस्तादांकडून शिकले. माझा स्वतःचा आधार मात्र मोजक्या चाकूंचा आणि एका कार्यशाळेचा आहे, आणि त्यातही पहिला प्रयोग मी बिघडवला होता. तेव्हा वाचकांना विनंती अशी की, घरात कोणा कंपनीने दिलेला असा चाकू असेल तर तो शोधावा, खिडकीच्या तिरप्या उजेडात उघडावा, नाव कुठे उरले आहे आणि कुठे गेले आहे ते पाहावे, आणि तो कोणी किती वापरला तेही विचारावे. माझे म्हणणे खरे आहे की नाही ते कृपया स्वतः तपासून घ्यावे.